घरचं सोलर आणि इलेक्ट्रिक गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः महावितरणच्या घरगुती ग्राहकाला समोर ठेवून लिहिली आहेत. मुंबई आणि गोव्यासाठी प्रश्न २२ पाहा. दर आणि किमती हिशेब समजावा म्हणून गोळाबेरीज करून दिल्या आहेत. तुमच्या ताज्या बिलावरचे दर घालून तोच हिशेब पुन्हा मांडा. कारण सगळा फायदा एकाच गोष्टीवर ठरतो: तुमच्या घरातलं सर्वांत महाग युनिट कोणतं आणि ते सोलर खोडतंय की नाही.

१. सोलर बसवलं की वीजबिल शून्य येतं का?

नाही. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. 'झिरो बिल' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बिलांत युनिटांचा आकार शून्य असतो, पूर्ण बिल नव्हे. सिंगल फेज घरगुती जोडणीला ही रक्कम मोठी नाही. थ्री फेजला मात्र ती कितीतरी जास्त असते. म्हणून गरज नसताना, केवळ 'पुढे गाडी घ्यायची आहे' म्हणून थ्री फेज करून घेऊ नका.

२. नेट मीटर म्हणजे नेमकं काय? दिवसा बनलेली वीज रात्री कशी मिळते?

नेट मीटर दोन्ही बाजू मोजतो: ग्रिडमधून, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यातून, घरात आलेली युनिटं (आयात) आणि घरातून ग्रिडमध्ये गेलेली युनिटं (निर्यात). बिल या दोन्हींच्या फरकावर बनतं. निर्यात जास्त झाली तर शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात. एप्रिल-मे महिन्यांत जमलेली शिल्लक जुलै-ऑगस्टमध्ये उपयोगी पडते.

आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चला, उरलेली युनिटं वीज कंपनी राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेते. हा दर तुम्ही वीज विकत घेता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे वीज विकून कमावण्यासाठी मोठी सिस्टीम बसवण्यात घरगुती ग्राहकाचा फायदा नाही.

छतावर बनून त्याच क्षणी घरात वापरली गेलेली वीज नेट मीटरवर दिसतच नाही. ती सोलर इन्व्हर्टरच्या (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राच्या) ॲपवर किंवा वेगळ्या जनरेशन मीटरवर दिसते. 'ॲपमध्ये ३५० युनिटं आणि बिलात निर्यात २१०च' ही तक्रार नेहमी येते. मधली १४० युनिटं घरातच वापरली गेलेली असतात, चोरीला गेलेली नसतात.

३. एक किलोवॅट महिन्याला किती युनिटं देतं? पावसाळ्यात काय होतं?

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला सुमारे ४ युनिटं, म्हणजे महिन्याला ११० ते १३०. मार्च ते मे हा सर्वांत चांगला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये कोकण आणि घाटमाथ्यावर हाच आकडा दिवसाला २ ते अडीच युनिटांवर येतो.

विदर्भातल्या मंडळींना मे महिन्यात अपेक्षेपेक्षा कमी युनिटं मिळतात, त्याचं कारण उष्णता. पॅनलवर लिहिलेली क्षमता पेशीचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते. नागपूरच्या उन्हात पॅनल ६५ अंशांवर गेला की १४ टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकी जागा सोडायला सांगा.

४. माझा वापर महिन्याला ३०० युनिटांचा आहे. २ किलोवॅट घेऊ की ३?

गाडी नसेल तर २. हिशेब असा आहे.

घरगुती दर टप्प्यांनी चढतो. वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचे पैसे) धरून पहिली १०० युनिटं साधारण ६ रुपयांनी, १०१ ते ३०० ही ११ रुपयांनी, ३०१ ते ५०० ही १४ रुपयांनी आणि त्यापुढची १६ रुपयांच्या आसपास पडतात. यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तो इथे धरलेला नाही.

३०० युनिटांचं बिल, स्थिर आकार सोडून: १०० युनिटांचे ६०० आणि २०० युनिटांचे २,२०० मिळून २,८००, शुल्कासह सुमारे ३,२५०. २ किलोवॅटने २४० युनिटं दिली तर ६० उरतात आणि बिल सव्वाचारशेच्या आत येतं. महिन्याची बचत सुमारे २,८३०. सिस्टीम १ लाख ३५ हजारांना पडली आणि केंद्राचं ६० हजार अनुदान (प्रश्न ८) मिळालं तर खिशातून गेले ७५ हजार. ते सव्वादोन ते अडीच वर्षांत वसूल होतात.

आता तिसरा किलोवॅट पाहा. त्याला खोडायला उरली आहेत फक्त ६० युनिटं, तीही सर्वांत स्वस्त टप्प्यातली. बचत महिन्याला जेमतेम ४२० रुपये. त्याची वाढीव किंमत ५५ हजार धरली आणि १८ हजार अनुदान वजा केलं तर ३७ हजार रुपये फिटायला सात वर्षांहून जास्त लागतात. पहिले दोन किलोवॅट मुख्यतः तुमची ११ रुपयांची युनिटं खोडतात, तिसरा ६ रुपयांची खोडतो. विक्रेता '३ घ्या, पूर्ण ७८ हजार मिळतील' म्हणतो तेव्हा हा भाग सांगत नाही.

घरात गाडी येणार असेल तर उत्तर उलटं होतं. ते प्रश्न १६ मध्ये.

५. आमचं बिल १०० युनिटांच्याही आत असतं. सोलर घ्यावं का?

फक्त केंद्राच्या अनुदानावर घ्यायचं तर घाई करू नका, कारण तुमची सगळी युनिटं स्वस्त टप्प्यातली आहेत. मात्र राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना खास १०० युनिटांच्या आतल्या घरांसाठी आणली आहे. तीत १ किलोवॅटला केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ती १७,५०० रुपये आहे. त्या यादीत बसत असाल तर हरकत नाही, जरूर घ्या.

६. गच्चीवर किती जागा लागते? वाळवणाला जागा उरेल का?

५४०-५५० वॅटचा एक पॅनल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतो. ३ किलोवॅटला असे सहा. रांगांमधली मोकळी जागा धरून एका किलोवॅटला १०० चौरस फूट मोजा. गच्ची वापरात ठेवायची असेल तर आठ-दहा फूट उंच स्ट्रक्चर करतात. खाली वाळवणं घालता येतात, पण लोखंड वाढतं आणि वाऱ्याचा मारही. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीने पाहिलेला वारा लक्षात ठेवून किनाऱ्याजवळ उंच स्ट्रक्चरचा पाया, नट-बोल्ट आणि तिरके आधार याबाबत तडजोड करू नका. खारी हवा असेल तर गरम जस्तात बुडवलेलं लोखंड किंवा ॲल्युमिनियमच घ्या. चांदीचा रंग मारलेलं साधं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं.

कोबा केलेल्या स्लॅबला भोकं पाडू देऊ नका. फूटभर उंचीचे काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय रोवता येतात. जलरोधक थर फुटला की गळती पॅनलखाली होते आणि दुरुस्तीसाठी अख्खी सिस्टीम उतरवावी लागते.

७. सावली थोडीशीच पडते. चालेल का?

'थोडीशी' कधी आणि किती, यावर ठरतं. पॅनल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे एका पॅनलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली आली तरी तोटा त्या कोपऱ्यापुरता राहत नाही, पॅनलचा तिसरा भाग किंवा त्याहून जास्त बाद होतो.

पाहणी पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात झाली तर डिसेंबर विसरला जातो. २२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य ४८ अंशांवरच असतो. म्हणजे भिंतीच्या उंचीएवढी सावली उत्तरेला पडते, आणि सकाळी नऊच्या सुमारास सावलीची लांबी उंचीच्या दुप्पट होते. त्या हिशेबाने पॅनल पुढे-मागे सरकवा. सावली टळतच नसेल तर प्रत्येक पॅनलला मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर (एका पॅनलची घट बाकीच्यांवर येऊ न देणारं छोटं यंत्र) लावण्याचा खर्च सार्थकी लागतो. सावली नसलेल्या छतावर तो वाया जातो.

तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. दक्षिण बाजू मिळत नसेल तर पूर्व-पश्चिम विभागणी चालते, उत्पादन थोडं घटतं इतकंच.

८. अनुदान नेमकं किती आणि कशाच्या आधारावर?

पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. म्हणजे १ ला ३०, २ ला ६०, आणि ३ किंवा त्यापुढे कितीही घेतलं तरी ७८ हजारच. बॅटरीला अनुदान नाही.

अनुदानासाठी पॅनलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतला लहान आकडा धरतात. पाच पॅनलचे २.७ किलोवॅट आणि इन्व्हर्टर ३ चा, असं बसवून ७८ हजारांची वाट पाहणाऱ्यांची निराशा इथे होते.

पॅनल 'डीसीआर' असले पाहिजेत, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. फक्त जुळणी भारतात झालेला पॅनल थोडा स्वस्त मिळतो, पण अनुदान जातं. करारात 'डीसीआर' हा शब्द आणि पॅनलचे अनुक्रमांक लिहून घ्या.

कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंतच्या सिस्टीमला सरकारी बँका २ लाखांपर्यंत विनातारण देतात. व्याज रेपो दराला जोडलेलं असतं आणि वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी.

९. अर्ज कसा करायचा? कोणत्या टप्प्यावर अडतं?

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि मोबाईल टाकून नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंत मंजुरीआधी तांत्रिक तपासणीची अट नाही, अर्ज मंजूर धरला जातो, आणि मंजूर भार (बिलावर लिहिलेली तुमच्या जोडणीची किलोवॅट क्षमता) कमी असेल तर तो वाढवून देण्याची जबाबदारी वितरण कंपनीची आहे. मग नोंदणीकृत विक्रेता निवडायचा, करार, उभारणी, पोर्टलवर फोटो आणि तपशील, वितरण कंपनीची तपासणी, नेट मीटर, कार्यान्वयनाचा दाखला आणि शेवटी बँक खात्याची माहिती. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. 'अनुदान आमच्याकडे जमा होईल, तुम्ही उरलेलंच द्या' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

अडतं ते बहुतेक वेळा नावावर (पुढचा प्रश्न), आणि दुसरं थकबाकीवर. आधी बिल पूर्ण भरा, मग नोंदणी करा.

१०. मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे. ते हयात नाहीत. अर्ज चालेल का?

पुढे अडेल. वीजबिलावरचं नाव, अर्जदाराचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळलं पाहिजे. आधी बिलावरचं नाव बदलून घ्या: मृत्यूचा दाखला, घराचा उतारा किंवा कर पावती, वारसांचं संमतिपत्र. भावाभावांत गच्ची सामाईक असेल तर वापराचं संमतिपत्रही आताच करून ठेवा. पॅनल पंचवीस वर्षं राहणार आहेत. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' एवढ्या फरकानेही अनुदान अडकतं, म्हणून स्पेलिंग आधार आणि पासबुकाशी ताडून पाहा.

११. कोटेशन मिळालं आहे. त्यात काय पाहू?

पॅनल आणि इन्व्हर्टरची कंपनी व मॉडेल, डीसीआरचा उल्लेख, स्ट्रक्चरचा प्रकार, केबलची जाडी, आणि एसीडीबी-डीसीडीबी (एसी आणि डीसी बाजूचे) हे दोन्ही सुरक्षा बॉक्स सर्ज प्रोटेक्शनसह, म्हणजे अचानक चढणाऱ्या दाबापासून संरक्षणासह. अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: पॅनल-स्ट्रक्चरचं, इन्व्हर्टरचं आणि वीजरोधकाचं. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडणं ही नेहमीची पळवाट आहे. वीज पडली तर ती इन्व्हर्टरच्या वाटेने घरात शिरते.

सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या दराचं कोटेशन असेल तर बदलून मागा. पॅनलची कामगिरी हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची साधारण ५ ते १०. मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल हे खर्चात धरा. पहिल्या पाच वर्षांची देखभाल योजनेनुसार विक्रेत्याकडे आहे, तिचे वेगळे पैसे देऊ नका.

१२. लाईट गेल्यावर सोलर चालू राहतं ना?

साधं ऑन-ग्रिड (ग्रिडला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) सोलर चालत नाही, भर उन्हातही. ग्रिड बंद झाली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. नाहीतर तुमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेईल. हा दोष नाही, सक्तीची सुरक्षा आहे.

वीज वारंवार जात असेल तर हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. केवळ बचतीच्या दृष्टीने पाहिलं तर नेट मीटर असताना बॅटरी परवडत नाही. ती सोयीसाठी घ्या, बचतीसाठी नको.

घरात जुना बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर सोलरची जोडणी त्याच्या आधी, मीटरच्या बाजूला हवी. वायरमनने ती घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर दिली तर लाईट गेल्यावर सोलर त्यालाच ग्रिड समजतं, उलटी वीज ढकलतं आणि घरचा इन्व्हर्टर जळतो.

१३. दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर सारखा बंद पडतो. पॅनल खराब आहेत का?

बहुधा नाहीत. स्क्रीनवर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' दिसत असेल तर दुखणं तारेत आहे. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर स्वतःचा दाब ग्रिडपेक्षा किंचित जास्त ठेवावा लागतो. दुपारी गल्लीतला वापर कमी, सोलर जोरात. त्यात इन्व्हर्टर ते मीटर तार बारीक आणि लांब असेल तर दाब आणखी चढतो आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर बंद होतो. ३० मीटर अंतराला ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ३ किलोवॅटला तीन-चार व्होल्ट चढतात. तीच तार १० चौरस मिलिमीटरची केली तर दीडच्या आत.

आधी मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजा. फरक मोठा असेल तर तार बदला. मीटरपाशीच २५० च्या पुढे असेल तर वितरण कंपनीकडे लेखी तक्रार करा. ट्रान्सफॉर्मरचा टॅप किंवा सर्व्हिस वायर हे त्यांचं काम आहे. इन्व्हर्टरची मर्यादा गुपचूप वाढवून देणाऱ्या तंत्रज्ञाचं ऐकू नका, घरातले फ्रिज-टीव्ही तो जादा दाब सोसतात.

१४. पॅनल किती वेळा धुवायचे?

पावसाळा सोडून पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर क्षारांचा पांढरा थर बसतो, आणि तो धुळीपेक्षा वाईट. रस्त्याचं काम, वीटभट्टी किंवा कबुतरं जवळ असतील तर दर आठवड्याला. पॅनलखालचे काळे जोड कधीही ओढून काढू नका. सहा पॅनलच्या माळेत ३०० व्होल्टपर्यंत डीसी असतो.

१५. इलेक्ट्रिक गाडी चालवायला किलोमीटरला किती खर्च येतो?

लहान-मध्यम कार शहरात भिंतीच्या सॉकेटवर मोजलेल्या एका युनिटमध्ये साधारण ६ किलोमीटर जाते. चार्जिंगमधली गळती यात धरली आहे. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा ती धरत नाही, म्हणून तो नेहमी जास्त दिसतो.

पेट्रोल १०४ रुपये आणि १५ किलोमीटरचं मायलेज धरलं तर किलोमीटरला सुमारे ७ रुपये. घरच्या १४ रुपयांच्या टप्प्यात, शुल्कासह, इलेक्ट्रिकला २ रुपये ७० पैसे. महामार्गावरच्या फास्ट चार्जरचा दर घरच्यापेक्षा चढा असतो, वर १८ टक्के जीएसटी, आणि शंभरच्या वेगात गाडीही जास्त वीज खाते. तिथे बचत निम्म्यावर येते. वीज छतावरची असेल तर किंमत आणि बदली इन्व्हर्टर पंचवीस वर्षांवर पसरून एक युनिट दोन रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे किलोमीटरला ४० पैशांच्याही आत.

१६. गाडी घरी चार्ज केली तर दराचा टप्पा (स्लॅब) वाढून बिल फुगेल का?

फुगेल, आणि हिशेबाची खरी गंमत इथेच आहे. प्रश्न ४ मधलंच ३०० युनिटांचं घर घ्या. महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे १७० युनिटं वाढली. ही सगळी ३०० च्या पुढच्या, १४ रुपयांच्या टप्प्यात पडतात. बिल ३,२५० वरून ६,००० वर जातं. वाढ २,७५० ची असली तरी पेट्रोलचे ७,००० वाचलेले असतात.

२ किलोवॅट सोलर असेल तर उरतात २३० युनिटं आणि बिल सुमारे २,३५०. ३ किलोवॅट असेल तर ११० युनिटं आणि ८२५. गाडीशिवाय जो तिसरा किलोवॅट महिन्याला ४२० रुपये वाचवत होता, तोच आता १,५०० वाचवतो आणि दोन वर्षांत फिटतो. म्हणून वर्ष-दोन वर्षांत गाडी नक्की येणार असेल तर इन्व्हर्टर आताच एक पायरी मोठा घ्या आणि स्ट्रक्चरवर दोन-तीन पॅनलची जागा ठेवा. ३ किलोवॅटपर्यंत जायचंच असेल तर ते एकदमच बसवा.

१७. गाडी रात्री घरी असते, सोलर दिवसा चालतं. मग उपयोग काय?

नेट मीटरमुळे (प्रश्न २) उपयोग होतोच. पण स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना आता वेळेनुसार दर लागू होत आहेत आणि सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आहे. सोलर नसलेल्यांनी शनिवार-रविवारी दुपारी चार्जिंग करावं, सरळ फायदा आहे. सोलर असलेल्यांनी बिलावर पाहावं की निर्यात आणि आयात युनिटांची वजाबाकी एकत्र होते की वेळेच्या कप्प्यानुसार. कप्प्यानुसार होत असेल तर दिवसा चार्ज केलेलं युनिट जास्त मोलाचं.

१८. चार्जिंगसाठी वायरिंग काय करावं लागेल?

गाडीबरोबर येणारा १५ अँपिअरचा चार्जर सहा-सात तास सलग पूर्ण भार ओढतो. तोच सॉकेट इस्त्रीला दहा मिनिटं चांगला चालतो, गाडीला मात्र वितळतो. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा 'ए' प्रकारचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि औद्योगिक दर्जाचा सॉकेट लावा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही. ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात. त्याला ४० अँपिअरचा एमसीबी आणि अंतर जास्त असेल तर १० चौरस मिलिमीटरची तार.

रोज ४०-५० किलोमीटर चालवणाऱ्याला ७.२ चा चार्जर लागत नाही. ८ युनिटं छोटा चार्जर तीन तासांत भरतो.

१९. चार्जरवर लाल दिवा लागतो, गाडी चार्ज होत नाही. शोरूम म्हणतं गाडी ठीक आहे.

अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ते एक-दोन व्होल्टच्या आसपास हवं. जुन्या वाड्यांत आणि इमारतींत ते दहा-पंधरा निघतं, आणि चार्जर योग्य कारणानेच नकार देतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की चालू असलेलं चार्जिंगही बंद होतं. खड्ड्यात पाणी घालून पाहा, त्याने चार्जिंग सुरू झालं तर नवं अर्थिंग करून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून दिवा हिरवा करण्याचा 'जुगाड' जीवघेणा आहे: न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट येतात.

२०. सोसायटीत राहतो. गच्ची सामाईक, पार्किंग खाली. काय करता येईल?

गच्चीवर सोसायटीच्या सामाईक मीटरसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे आणि चार्जिंग यांसाठी सोलर बसवता येतं. अनुदान किलोवॅटला १८ हजार. मासिक देखभाल खर्चात ते लगेच दिसतं, म्हणून सभेत ठराव मंजूर करून घेणं सोपं जातं.

चार्जरसाठी स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल ओढणं सर्वांत स्वच्छ. मीटर रूम आणि पार्किंग लांब असेल तर सोसायटीने चार्जिंगची वेगळी जोडणी घेऊन उपमीटर लावावेत. चार्जिंग स्टेशनचा दर वेगळ्या वर्गात आहे आणि त्याला घरगुतीसारखे चढते टप्पे नाहीत. ज्यांची गाडी घरच्या बिलात ३०० च्या पुढे पडते त्यांना तो अनेकदा स्वस्त पडतो. १०० च्या आत वापर असलेल्या घराला नाही.

२१. गाडी महिन्याला ३००-४०० किलोमीटरच चालते. तरी इलेक्ट्रिक घ्यावी का?

पैशांसाठी नको. ४०० किलोमीटरला वाचतात महिन्याला १,७०० रुपये. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ३ लाख जास्त मोजले तर ते फिटायला पंधरा वर्षं. अशा घराने आधी स्कूटर बदलावी. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये ३० किलोमीटरच्या आसपास जाते, महिन्याच्या ६०० किलोमीटरला २० युनिटं. तेवढ्याच अंतराला पेट्रोल स्कूटर चौदाशे रुपये घेते. वायरिंगही फारसं बदलावं लागत नाही.

उलट पुणे-मुंबई नियमित जाणं असेल तर राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातली टोलमाफी (द्रुतगती मार्ग, अटल सेतू, समृद्धी) हिशेबात धरा. ती पेट्रोलच्या बचतीइतकीच मोठी ठरू शकते.

२२. मुंबईत किंवा गोव्यात हेच आकडे लागू होतात का?

अनुदान तेच, पोर्टलही तेच. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांपैकी तुमची कंपनी जी असेल तिचे दर घाला. टप्प्यांची रचना तशीच आहे. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्रापेक्षा खूप स्वस्त असल्यामुळे फक्त घराच्या वापरासाठी बसवलेलं सोलर फिटायला बराच जास्त काळ लागतो. तिथे गाडीचा हिशेब मात्र ग्रिडच्या विजेवरच चांगला बसतो, म्हणून गोवेकराने आधी गाडी किंवा स्कूटर घ्यावी आणि वाढलेला वापर वर्षभर पाहून मगच छताचा विचार करावा.